पहिले पाच

मिसळ येईपर्यंत मुद्दा एकच होता,
आणि मिसळ आली तरी तोच:
संध्याकाळी फायनलला बॉल वर कोण आणणार,
खैरनार,
की शरणपूरचा तो अप्रेंटिस, जोएल.

बेंडकुळे सर पापड मोडत म्हणाले, खैरनार.
आपल्या कोर्टाला गटाराकडे उतार आहे,
उजव्या रिंगखाली सिमेंट फुगलंय, तिथं बॉल मरतो,
हे त्याच्या तळव्यांना पाठ आहे.
त्या पोराला अजून स्वतःचा डावा हात ठाऊक नाही.

गांगुर्डे म्हणाला, आणि गुडघा?
काल ओझरविरुद्ध शेवटची पाच मिनिटं
माणूस धावत नव्हता,
कसं धावायचं ते आठवत होता.
पोराला किती दिवस बसवणार, सर?
चिकटेल बेंचला. मग सोलून काढावं लागेल.

चार वेळा, सर म्हणाले,
दहा मिनिटांत चार वेळा बॉल घालवला त्यानं.
विचारा यांना.

यांना म्हणजे मला.
मी वही काढली. चार नव्हे, पाच.
पण त्यातले दोन पास असे,
की घेणाऱ्यानं तिथं पोचायला हवं होतं
आणि तो पोचला नाही.
याला वहीत रकाना नाही.
खैरनारचे शून्य.
शून्य, कारण अवघड पास तो आता टाकतच नाही.
यालाही नाही.

दोघं माझ्याकडे बघत राहिले.
कमिटीत तिघं, तिसरं मत माझं.
मी दही मागवलं.

सोळा वर्षांपूर्वी सात नंबरची जर्सी माझी होती.
एका रविवारी लेथवरचा नवा हेल्पर आला,
निफाडकडचा, पायात कॅनव्हासचे बूट,
एकाची लेस सुतळीची.
वॉर्म-अपला त्यानं तीन बॉल टाकले,
तिन्ही जाळीला न विचारता आत.
सरांनी जर्सी त्याला दिली
आणि पेन्सिल मला.
तेव्हा ना मिसळ, ना मतं.
माझ्या गुडघ्याबद्दल कुणी वाईट शब्द काढला नाही.
वाद घालावा इतका मी नव्हतोच.

तेव्हापासून खैरनारची प्रत्येक बास्केट
माझ्या अक्षरात आहे.
पहिल्या दोन वर्षांची पानं बघा,
पेन्सिल पलीकडे उमटलेली आहे.

एक गोष्ट मात्र टेबलावर सांगितली नाही.
सकाळी सहाला मी कोर्टावरून आलो.
सातपूरभर धुकं, रिंग अर्धीच दिसत होती,
आणि जोएलचा उजवा हात
खैरनारच्या मफलरनं पाठीशी बांधलेला.
खैरनार प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय लांब सोडून,
थर्मासच्या झाकणातून चहा पीत
शिव्या मोजत होता:
डावा. डावा रे. डावा, गाढवा.
बॉल थंडीनं दगड झालेला,
पोराची बोटं लाल, आणि तो हसत होता.

सांगितलं असतं तर सर म्हणाले असते,
बघा, असा माणूस बसवायचा?
गांगुर्डे म्हणाला असता,
बघा, त्यानंच ठरवलंय.
मी दही खाल्लं.

साडेसहाला दिवे लागले.
चार नावांपुढे मी फुल्या केल्या,
पाचवी राहिली.
बेंडकुळे सर फोनवर, कुणाशी तरी तोच विषय.
खैरनार आला, माझ्या टेबलाला टेकून
गुडघ्याचा पट्टा आवळायला लागला,
नेहमीपेक्षा एक घर जास्त.

काय ठरलं?
भांडतायत, मी म्हटलं.
अजून?
अजून.

त्यानं पट्टा सोडला, परत आवळला.
चेहऱ्यावर जे आलं ते त्याला लपवता आलं नाही.
सात नंबर माझ्याकडे असता
तर मलाही आलं नसतं.

पलीकडे जोएल एकटाच रिंगखाली,
त्या फुगलेल्या सिमेंटवर
डाव्या हातानं बॉल आपटून बघत होता,
नक्की कुठं मरतो ते.